लेण्यातली दहा पावलं

मी भित्री बाई आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आमच्या भावकीत त्या दिवसाची गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगितली जाते आणि तीत मी फार शूर वगैरे असते. ऐकताना मला कुठे तोंड लपवू असं होतं.

आमचं घर आळे गावाच्या बाहेर, मळ्यात. तिन्ही बाजूंनी ऊस. उसात बिबट्या असतो, आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात. असतो म्हणजे कधीमधी येतो असं नव्हे, राहतोच. शेजारच्यांचं कुत्रं त्याने साखळीसकट नेलं, तेव्हापासून मी अंगणात भांडी घासायला बसले तरी पाठ भिंतीला लावून बसते. वाघाला आवाज सोसत नाही असं सगळे सांगतात, म्हणून आम्ही सगळा वेळ गोंगाट करत जगतो. पिकाला पाणी द्यायला जाताना मोबाइलवर मोठ्याने गाणी, वैरण कापायच्या आधी पत्र्याच्या डब्यावर काठी, आणि दिवेलागणीला बांधावर एखादा सुतळी बॉम्ब. दिवाळी संपली तरी आमच्या घरातले फटाके संपत नाहीत. माझ्या पर्समध्ये कंगवा, रुमाल, लेकीच्या गोळ्या, काडेपेटी आणि दोन सुतळी बॉम्ब कायम असायचे. आमचे हे म्हणायचे, "हिच्या पर्सला कुणी काडी लावली तर आळेफाटा उडेल." हसा म्हटलं. जिवाची भीती मला आहे, तुम्हाला नाही.

लेकीच्या गोळ्यांचंही आधीच सांगते. ती आठ वर्षांची असताना पेरूच्या झाडाखाली तिला गांधीलमाशी चावली. बोटाला एवढासा डंख. आम्ही चुना लावला आणि विसरलो. पाच-सात मिनिटांत तिचे ओठ सुजले, अंगभर गाठी उठल्या आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मंचरच्या दवाखान्यात निघालो, तर कळंबला कांद्याच्या ट्रकांमध्ये गाडी अडकली. मांडीवर लेक, तिची शिट्टी ऐकू येतेय आणि पुढचा ट्रक हलत नाही. तो वेळ मी कसा काढला, माझं मला माहीत. वाचली. डॉक्टरांनी निघताना गोळ्यांची एक पट्टी हातात दिली आणि बजावलं, पुन्हा कधी कुठलीही माशी चावली तर लगेच गोळी चावून खायला द्या आणि क्षणभरही न थांबता घेऊन या. "गोळीने बरं होईल असं समजू नका," ते म्हणाले, "गोळीने फक्त थोडी सवड मिळेल." तेव्हापासून ती पट्टी माझ्या पर्समध्ये आणि पर्स माझ्या खांद्यावर. लग्नात जेवायला बसले तरी पर्स मांडीवर.

तर त्या वर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही जुन्नरला निघालो. लेक दहा वर्षांची झाली होती आणि शाळेत लेण्यांचा धडा झाला होता. डोंगरात खोल्या कोरून माणसं राहायची, दगडाच्या ओट्यावर झोपायची, हे तिला इतकं आवडलं होतं की घरी जमिनीवर नुसती सतरंजी टाकून झोपायला लागली होती. हे म्हणाले, लेण्याद्रीला जाऊ, गणपतीचं दर्शनही होईल. पण पायथ्याशी गाड्यांची रांग बघून माझे सासरे, आबा, म्हणाले, "चला, मी माझी लेणी दावतो."

आबांचं आजोळ जुन्नरजवळच्या एका डोंगराखाली. लहानपणी ते मामाची गुरं घेऊन तिथल्या लेण्यांत जायचे. डोंगराचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही, उगाच कुणी हौशीने फटाक्यांसकट जायला नको. तिथे तिकीट नाही, पायऱ्या नाहीत, पाटी आहे पण गंजलेली. खाली वाडीवर आबांच्या मामेभावाचं घर. तिथे पोहोचल्यावर जेवायला थांबायचा आग्रह झाला आणि हे चुलीजवळ गप्पा मारत बसले. त्यांचा गुडघा दुखतो म्हणे. चढायचं म्हटलं की दुखतो.

आम्ही तिघंच वर गेलो. आबांनी थंडीची म्हणून घोंगडी खांद्यावर टाकलेली, लेकीच्या अंगात स्वेटर, मी शाल गुंडाळलेली. वाट दगडांची होती पण अवघड नव्हती. मी सारखी मागे बघत होते. गवत कमरेइतकं आणि वाळलेलं, त्याच्याच रंगाचं जनावर त्यात बसलं तर कुणाला दिसणार आहे? मी मोबाइलवर गाणं लावलं तर आबा म्हणाले, "बंद कर ते. हितं आवाज करू न्हाई." का ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सासऱ्यांना 'का' विचारायची सवय मला लागली नव्हती. मी मनात म्हटलं, देवाचं ठिकाण असेल. बंद केलं.

वर कड्याच्या पोटात लांबलचक ओसरी, आणि तिच्या आतल्या अंगाला ओळीने खोल्या. दारं एवढीशी, वाकून जावं लागतं. प्रत्येक खोलीत दगडातच कोरलेला ओटा. मधल्या एका खोलीच्या दाराबाहेर, भिंतीलगत कुणीतरी शेंदूर फासलेला दगड ठेवलेला होता, म्हणून आम्ही चपला ओसरीबाहेर काढल्या. दगड असा गार की तळपायाला झोंबायचा. आबा एकदम लहान झाले. "ही माझी खोली. ती पलीकडची गणप्या लोहाराच्या पोराची... न्हाई, ती आमी भाड्यानं दिल्ती." लेक खिदळत होती. मलाही बरं वाटायला लागलं होतं, कबूल करते. ओसरीवर दुपारचं ऊन आलं होतं आणि खाली द्राक्षाच्या बागांच्या हिरव्या चौकटी दिसत होत्या.

लेक आणि आबा 'त्यांच्या' खोलीजवळ होते. मी फिरत फिरत शेवटच्या खोलीकडे गेले. दारात बोटभर धूळ साचलेली आणि त्या धुळीत पाऊल. गोल, चार बोटांचं, ताजं. आत अंधार. कसलातरी कुबट वास.

मी विचार केला नाही. आम्ही आळ्याची माणसं अशा वेळी विचार करत नाही, हात आपोआप चालतो. पर्स उघडली, बॉम्ब काढला, ओसरीच्या कडेला ठेवला, काडी ओढली. आबांनी लांबून बघितलं आणि ते असे ओरडले, जसे ते आयुष्यात माझ्यावर ओरडले नव्हते. "नगं! नगं पोरी!" पण वात पेटली होती.

घरी बांधावर तो बॉम्ब फुटतो तेव्हा आवाज उसात जिरतो. इथे तो कड्याला आपटला, परत आला, पुन्हा आपटला. मग सगळं शांत झालं. खोलीतून काहीच बाहेर आलं नाही. मी आबांकडे बघून जरा हसलेसुद्धा असेन. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते वर बघत होते.

ओसरीच्या छताच्या पुढे, जिथे कडा बाहेर आलेला आहे, तिथे सुपाएवढे काळे डाग होते. पाण्याचे असतील असं मला येतानाच वाटलं होतं. त्यातला एक डाग हलला. मग पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज आला आणि ऊन काळवंडलं.

आग्या मोहोळ. एक नव्हे, चार-पाच.

पुढचं मला लिहायचं नव्हतं, पण ते सोडून बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही. मी पळाले. लेकीकडे नाही. त्या पावलाच्या खोलीशेजारी जी खोली होती तिच्यात शिरले. जिच्यासाठी दोन वर्षं पर्स छातीशी धरून हिंडत होते, ती पोर ओसरीवर उभी होती आणि मी तिच्याकडे पाठ करून पळाले. कोपऱ्यात उकिडवी बसून शाल डोक्यावरून ओढून घेतली, तेव्हा कुठे मला आठवलं की मला एक मूल आहे.

"आबा!" मी ओरडले. "आबा, ती कुठंय?"

"माझ्यापाशी!" आवाज शेजारच्या नव्हे, पलीकडच्या खोलीतून आला. "खोलीत घेतलीय. दारावर घोंगडी धरलीय. तू वराडू नगंस, बाहेर येऊ नगंस."

माझ्या हातावर दोन-तीन माशा चावल्या होत्या, विस्तव ठेवल्यासारखी आग होत होती. मला तिचं काही वाटलं नाही. मी एकच विचारलं. "तिला चावली का?"

आबा लगेच बोलले नाहीत.

"येक चावलीय," ते म्हणाले. "कानामागं. काटा काढलाय मी नखानं."

गोळ्या माझ्याकडे. लेक तिकडे. मध्ये एक खोली आणि ओसरीची दहा पावलं. नंतर शांतपणे मोजली आहेत मी, दहाच. आणि त्या दहा पावलांवर माशांचा असा गदारोळ होता की समोरचे खांब दिसत नव्हते.

मी मोबाइलवर यांना फोन केला. रेंजची एक काडी होती. "वर येऊ नका, मोहोळ उठलंय, तिला चावलीय," एवढं सांगितलं आणि फोन कट झाला. म्हणजे आता त्यांनाही कळलं होतं, आणि करता त्यांनाही काही येणार नव्हतं.

"आई," लेकीचा आवाज आला. "माझे ओठ जाड लागतायत."

मी जिथे बसले होते तिथेच बसून राहिले. हे कुणाला खरं वाटत नाही. आई म्हटली की ती ताडकन उठते, असं सगळ्यांना वाटतं. मी मनात देवाला सांगत होते की मोहोळ आता बसू दे, आत्ताच्या आत्ता बसू दे, म्हणजे मला जावं लागणार नाही. तिच्यासाठी नव्हे, मला जावं लागू नये म्हणून. किती वेळ गेला? दोन मिनिटं असतील. कळंबच्या ट्रकामागे काढली होती तेवढीच लांब.

मग तिकडून शिट्टी ऐकू आली. बारीक. खोलीच्या दगडातून ती घुमत आली आणि मला ओळखू आली.

मी पट्टी तोंडात धरली, शाल डोक्यावरून पार खाली घेतली आणि निघाले. उभी राहू शकत नव्हते म्हणून हातागुडघ्यांवर. पळायचं नाही, हात झटकायचे नाहीत, एवढं लहानपणापासून ऐकलेलं होतं, तेवढंच डोक्यात ठेवलं. शालीवर माशा पडत होत्या, वजन कळत होतं. मनगटावर चावल्या, मानेवर चावल्या, शालीतून कपाळावर चावल्या. मी डोळे मिटले होते आणि भिंतीला खांदा लावून सरकत होते. एक दार गेलं. शेंदराचा दगड हाताला लागला. मग खरखरीत लोकर लागली, आबांची घोंगडी.

मी ती उचलायला गेले तर आतून आबांनी गच्च धरली.

"आत येऊ नगंस."

"आबा, मी आहे."

"वळखलं. तुझ्या अंगावर माशा हायेत पोरी. तू आलीस की त्या बी येत्याल. तिला आणखी येक चावली तर..." पुढचं ते बोलले नाहीत. "खालनं दे."

वीस वर्षांच्या संसारात मी आबांना उलट बोलले नाही असं नाही, मनातल्या मनात पुष्कळ बोलले आहे. त्या वेळी मात्र मला त्यांच्या तोंडावर किंचाळावंसं वाटलं, की माझी पोर आहे, तुम्ही कोण अडवणारे? आणि ते बरोबर बोलत होते, हे मला त्याच क्षणी कळत होतं, म्हणून आणखीच राग आला. मी तोंडातली पट्टी काढली आणि घोंगडीच्या काठाखालून आत सारली. आतून लहान बोटं आली. तिळगुळाच्या दिवशी काढलेली मेंदी अजून त्यांच्यावर होती. बोटांनी पट्टी ओढून घेतली. पट्टी फुटल्याचा चटकन आवाज झाला.

"चावून खा," मी म्हणाले. "कडू लागेल. थुंकायची नाही."

"हं," ती म्हणाली.

मग मला परत जायचं होतं. खरोखर जायचं होतं. माझा तिथे आता काही उपयोग नव्हता आणि माझी अंधारी खोली दहा पावलांवर होती. पण पाय हलेनात. मी दाराच्या चौकटीला कुशीवर टेकले, पाय दुमडून घेतले, डोकं शालीत घातलं आणि तशीच पडून राहिले. घोंगडीच्या आत माझी लेक, बाहेर मी. आत आबा तिच्याशी गुरांच्या गोष्टी करत होते, हळू आवाजात. मी त्या गोष्टी ऐकत नव्हते. मी गोष्टींमधली शिट्टी ऐकत होते. ती वाढतेय की कमी होतेय, माझ्या कानातल्या घूं घूंमुळे कळत नव्हतं. मध्येच ती थांबली आणि मला वाटलं, संपलं. मी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. विचारलं आणि आबा पुन्हा गप्प राहिले तर?

मग ती खोकली. मी शालीत रडले.

किती वेळाने ते नक्की सांगता येत नाही, पण ऊन ओसरीवरून निघून गेल्यावर आवाज विरळ झाला. हे आणि आबांचे मामेभाऊ घोंगड्या पांघरून, हातात ओल्या पाल्याचा धूर घेऊन वर आले. यांचा गुडघा त्या दिवशी कुठे गेला होता कुणास ठाऊक. माझं तोंड बघून ते मागे सरले. डोळे सुजून फटी राहिल्या होत्या. त्यांनी घोंगडी बाजूला केली तर आतून आधी आबा दिसले. त्यांनी घोंगडी दोन्ही हातांनी दगडाला दाबून धरली होती आणि त्यांची बोटं आता उघडत नव्हती. त्यांच्या मागे लेक, ओठ सुजलेले, गालावर गाठी, पण डोळे टक्क उघडे. यांनी तिला खांद्यावर टाकलं आणि जे उतरत सुटले ते थेट गाडीपर्यंत.

आम्ही बाकीचे मागून उतरलो. गवतातून, तिन्हीसांजेला, एकही शब्द न बोलता, गाणं न लावता. माझ्या पर्समध्ये अजून एक बॉम्ब होता. मी तो वाटेतल्या पाण्याच्या डबक्यात टाकला. मामेभावांनी बघितलं आणि विचारलं, "कशापायी उडवला व्हता पावणं?" मी पावलाचं सांगितलं. ते थांबले. त्यांना हसू आलं होतं, पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी गिळलं. "ते माझ्या कुत्र्याचं हाय, बाई. रोज दुपारी तितं झोपायला जातंय."

जुन्नरच्या दवाखान्यात लेकीला सुई दिली, रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, गोळी वेळेवर गेली. मलाही सलाइन लावलं. दुसऱ्या दिवशी नर्स माझे काटे काढत होती. डोक्यापासून सुरू करून खाली आली आणि म्हणाली, "सगळीकडे चावल्यात, उजवं पाऊल तेवढं कोरं राहिलंय." मी म्हटलं, असेल.

गोष्ट गावभर झाली. पोरीला औषध द्यायला माशांतून गेली आणि पोरीसाठी दारात आडवी पडून राहिली, अशी. आबासुद्धा तशीच सांगतात. मी दोनदा सांगून पाहिलं की मी आधी पळाले होते, बॉम्ब मीच उडवला होता आणि दारात राहिले ती पाय गळाले म्हणून. कुणी ऐकून घेत नाही. विनय समजतात.

लेकीशी मी त्या दिवसाबद्दल बोलत नव्हते. तिने मला पळताना पाहिलं असणार, हे मला आत कुठेतरी खात होतं. तिची नजर चुकवून मी तिची वेणी घालायचे. परवा अशीच वेणी घालताना तिने आपण होऊन विषय काढला.

"आई, मला तिथे भीती नव्हती वाटली."

"खोटं नको बोलू."

"आधी वाटली. तू गेलीस तेव्हा." म्हणजे पाहिलं होतं. माझे हात थांबले. "मग तू आलीस ना, तेव्हा तुझा एक पाय घोंगडीखालून आत राहिला होता. आबांना दिसला नाही, ते वरचं बघत होते. मी खाली आडवी होते, मला तुझी जोडवी दिसत होती. ती सारखी हलत होती. टिक टिक टिक अशी, दगडावर. मला श्वास घेता येत नव्हता तेव्हा मी तेच ऐकत होते. म्हटलं, आई सांगतेय, मी आहे, मी आहे."

मी काही सांगत नव्हते. माझा पाय भीतीने लटलटत होता, दीड तास तरी, थांबवता येत नव्हता म्हणून.

मी तिची वेणी पुरी केली. रिबीन बांधली. खरं काय ते तिला सांगायला मला अजून धीर झालेला नाही.